साडभाऊनी वाचवलेला वेळ

चंद्रपूर जिल्ह्यात घरकाम कमी व्हावं म्हणून सगळ्यात जास्त काम कोणी केलं असेल, तर ते आमच्या साडभाऊनी. हे मी कोणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. काम टाळायला माणूस किती राबू शकतो, हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं आमचे साडभाऊ पाहिले नाहीत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माजरीच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होते, तिथेच पिकले आणि तिथूनच रिटायर झाले. उंच, वाळलेले, कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर. देवळात गेले तरी टेस्टर सोबत. खाणीत इतकी वर्षं राहून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. ते म्हणायचे, "भाऊ, कोळसा आपल्या पायानं वर येते का? त्याले पट्टा आणते. मंग घरातल्या बाईनंच काऊन सगळं कमरेवर वाहावं?" आता हे बोलणं काही खोटं नव्हतं. बायकांच्या कामाचा इतका विचार करणारा दुसरा पुरुष मी आमच्या सगळ्या गणगोतात पाहिला नाही. मी तर केलाच नाही. पण त्यांनी नुसता विचार करून सोडून दिला असता, तर माझ्या साळीचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, दिवस जरा सुखात गेले असते.

त्यांनी क्वार्टरमध्ये सैंपाकखोलीपासून बाहेरच्या खोलीपर्यंत पट्टा बसवला. चंद्रपूरच्या भंगारवाल्याकडून रबराची पट्टी आणली, जुन्या कूलरची मोटर लावली, मधल्या भिंतीला मांजर जाईल एवढं भोक पाडलं. सैंपाकखोलीत चहाचा कप पट्ट्यावर ठेवायचा, तो भोकातून बाहेरच्या खोलीत पाहुण्यासमोर हजर. बाईला उठून यायला नको. पण पट्टा थरथरायचा, चहा सांडायचा. म्हणून माझी साळी कपाला बोट लावून पट्ट्यासोबत चालत यायची. भिंत आली की कप सोडायची, दारातून पळत फिरून बाहेरच्या खोलीत यायची, आणि भोकातून कप निघाला की पुन्हा त्याला बोट लावायची. पट्ट्याच्या शेवटी पाहुण्यानं कप वेळेवर उचलला नाही तर तो सरळ खाली. त्यामुळे पाहुणा आल्यापासून हात पुढे करून, भोकाकडे डोळे लावून बसायचा. बोलणं नाही, चालणं नाही. साडभाऊ मात्र खुर्चीत मागे टेकून म्हणायचे, "पाहा जी, घरच्या माणसाले काई तकलीफ आहे का?" घरचं माणूस तेव्हा धापा टाकत दारात उभं असायचं.

यातही खाणीचा कायदा होता. पट्टा सुरू करायच्या आधी भोंगा दिलाच पाहिजे, नाहीतर कोणाचा हात सापडेल. म्हणून चहाच्या आधी भोंगा. तोही खाणीतल्यासारखा, तीन वेळा. एकदा दुपारी अडीच वाजता मी आणि माझी बायको त्यांच्याकडे गेलो होतो. आमच्या मानाचा भोंगा झाला. शेजारच्या क्वार्टरमध्ये चारच्या पाळीआधी झोपलेला माणूस दचकून उठला, चार वाजले समजून डबा घेऊन खाणीवर चालता झाला. त्याला पाहून दुसरा निघाला, दुसऱ्याला पाहून तिसरा. तासाभरानं तिघंही उन्हात तापून परत आले आणि साडभाऊच्या दारात उभे राहून शिव्या देऊ लागले. साडभाऊ शांत माणूस. म्हणाले, "बसा, चहा घ्या." चहा म्हटल्यावर पट्टा आला, पट्टा म्हटल्यावर भोंगा आला, आणि त्या भोंग्यानं पलीकडच्या ओळीतले आणखी दोघं ड्युटीवर गेले. माझी बायको तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. तशी ती फार हसणारी नव्हती.

मशीन चालली की साडभाऊ मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि किती वेळ वाचला ते जाहीर करायचे. कांदा कापायची मशीन होती, तिच्यात कांदा फसायचा. तांदूळ धुवायचं पिंप होतं, ते अर्धा तांदूळ मोरीत धुऊन काढायचं. ताक घुसळायची मोटर एकदा सुरू झाली की भिंतीलाही ताक लागायचं. पण प्रत्येक वेळी साडभाऊ घड्याळ बघून म्हणायचे, "सात मिनिटं वाचली." एकदा माझ्या साळीनं हातातला पोछा खाली ठेवला आणि विचारलं, "वाचली ना? मंग कुठी ठेवली, दाखवा. मी घटकाभर त्याच्यावर पाठ टेकते." साडभाऊनी टेस्टर काढला. मोटर खोलून बसले. घरात त्यांची एक लाल पाटी होती, 'माणूस कामावर आहे, स्विच लावू नये.' मोटर खोलायची असली की ती पाटी लावायचे. दिवसातून बहुतेक वेळ ती लागलेलीच असायची.

असे साडभाऊ. आता माझं सांगतो, कारण त्यांचं खरं काम माझ्या घरी झालं.

माझी बायको होळी झाल्यावर आठ दिवसांनी गेली. ताप आला, तिसऱ्या दिवशी गेली. मी जंगल खात्याच्या लाकूड डेपोवर चौकीदारी केलेला माणूस. भामरागडकडे होतो तेव्हा पावसाळ्यात चार-चार महिने रस्ता बंद असायचा, आम्ही दोघंच. तिथेही ती पहाटे उठायची ते दिवा लागल्यावरच टेकायची. मी कधी विचारलं नाही की दिवसभर काय करून राह्यलीस. ती गेल्यावर मला कळलं की घरात मीठ कुठे असतं हे मला माहीत नाही. चार डबे उघडले. चौथ्यात तिनं मीठ नाही, जुनी बटणं ठेवली होती. मी तिथेच खाली बसलो. असा मी रिकामा माणूस होतो.

तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर माझी पोरगी जवळ येऊन बसली. ती नागपूरला मास्तरीण आहे, बोलते ते ठरवून बोलते. म्हणाली, "बाबा, तुम्ही इथी एकटे कसे राहता ते मी दिवाळीपर्यंत पाहते. तुमचं तुम्हाले जमलं तर ठीक. नाई जमलं तर घराले कुलूप आणि तुम्ही मायासोबत नागपूरले." तिचं काही चुकत नव्हतं. पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरून कोणाशी बोलावं असं कोणी नाही. आणि दुसरं म्हणजे, माझी बायको त्या घरात कधी दोन दिवसांच्या वर राहिली नव्हती. तिथे मला तिचं काय सापडणार होतं? ती होती ती इथे, या ओट्यावर, या चुलीपाशी. कुलूप लावून मी निघालो असतो तर तिला आत कोंडून गेल्यासारखं झालं असतं. हे मी पोरीला सांगितलं नाही. हो म्हटलं.

साडभाऊ त्या वेळी भिंतीवर हात फिरवत उभे होते. सकाळपासून ते असेच एकेका भिंतीला हात लावून, डोळे मिटून उभे राहत होते. आलेल्या बायका हळहळत होत्या, बहिणीचा नवरा असून किती मनाला लावून घेऊन राह्यला म्हणून. मलाही गहिवरून आलं. मी जवळ गेलो. साडभाऊनी डोळे उघडले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी लोड किती आहे?" मी म्हटलं, "कसला लोड?" ते म्हणाले, "लाईटचा. घाबरू नका. दिवाळीपर्यंत मी तुमच्या हाताले काम ठेवत नाई. पोरगी पाहतच राहते."

तिसऱ्या दिवशी माजरीहून आमच्या गावापर्यंत ते मोपेडवर पोतं बांधून आले. पंधरा दिवस ठोकाठोक चालली. सगळ्याच्या मुळाशी त्यांनी एक घड्याळ बसवलं, सडकेवरचे दिवे लावायला-विझवायला असतं तसलं, लाईटीवर चालणारं. त्या घड्याळाच्या हुकमानं सकाळी साडेपाचला भोंगा व्हायचा, तो मला उठवायला. मिनिटभरानं अंगणात शेणाचा सडा आपोआप पडायचा; कपाशीवर फवारतात त्या पंपाला मोटर लावून, नळी छपराच्या कवेलूखाली बांधली होती. मग विजेची शेगडी तापून चहा. मग विहिरीची मोटर सुरू होऊन टाकी भरायची. संध्याकाळी देवापुढचा बल्ब आपोआप लागायचा. पहिल्या दिवशी सगळं बरोबर झालं. साडभाऊ ओट्यावर माझ्या शेजारी बसले होते. सडा पडला, चहा उकळला, टाकी वाहू लागली. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "एक तास दहा मिनिटं."

मी विचारलं, "काय एक तास दहा मिनिटं?"

"वाचला ना जी वेळ."

"मंग आता?"

"आता बसा."

बसलो. सकाळचे सव्वासहा वाजले होते. समोर सगळा दिवस पडला होता आणि त्यात मला काहीच करायचं नव्हतं. मला त्या दिवसाची जी भीती वाटली ती डेपोवर अस्वलाचीही वाटली नव्हती.

पण देवाला माझी काळजी. आमच्या तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की चंद्रपूरच्या वीजघराच्या चिमण्या दिसतात, आभाळाला टेकलेल्या. दुनियेला तिथून वीज जाते आणि आमच्याकडे लोडशेडिंग. रोज तीन-साडेतीन तास, कधी सकाळी, कधी दुपारी. लाईट गेली की साडभाऊचं घड्याळ थांबायचं. लाईट आली की जिथे थांबलं तिथून पुढे चालायचं. त्यामुळे पहिल्या दिवशी भोंगा साडेपाचला झाला, दुसऱ्या दिवशी नऊला, तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला. आमच्या घरची सकाळ रोज तीन-साडेतीन तास पुढे सरकू लागली. चौथ्या दिवशी चार वाजता, गुरं घरी यायच्या वेळी, अंगणात सडा पडला. मी म्हटलं, साडभाऊ, काटा मागे फिरवा. साडभाऊला राग आला. म्हणाले, "घड्याळाले हात लावाचा नाई. त्यानं त्याची चोवीस तासाची ड्युटी चोख केली. लाईटनं नाई केली. गुन्हा कोणाचा आणि दंड कोणाले?"  आठवड्यातून एकदा मात्र घड्याळ फिरून फिरून पुन्हा पहाटेवर यायचं, आणि आमचं घर नि गाव एका वेळी उठायचं. त्या दिवशी साडभाऊ ओट्यावर बसून सगळ्यांना सांगायचे, "पाहा, बसली ना लाईनवर?"

लोकांना वाटेल, म्हातारा आपल्या मनानं उठून कामाला का लागला नाही? खरं सांगतो, मला काही फरक पडत नव्हता. उठून तोंड कोणाला दाखवायचं होतं? घर म्हणालं सकाळ झाली तर झाली. मी घराच्या हिशेबानं चालू लागलो. दुपारी तीन वाजता कडुनिंबाची काडी घेऊन ओट्यावर दात घासत बसायचो. शेजारची बाई धुणं वाळवता वाळवता थांबून विचारायची, "काय जी भाऊ, तब्येत बरी नाई का?"

"बरी आहे. आताच उठलो."

"जेवले का मंग?"

"अजून चहा व्हायचा आहे. भोंगा आताच झाला."

ती माझ्याकडे बघायची, मग आत जाऊन आपल्या नवऱ्याशी हळू बोलायची. गावात बोलणं झालं, बायको गेल्याचा याच्या डोक्यावर परिणाम झाला.

इकडे कामं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चालली होती. लाईट गेली तरी घड्याळ चालावं म्हणून साडभाऊनी बॅटरी आणली. बॅटरीला पाणी घालायचं काम आलं. तेही साधं पाणी नाही, बाटलीतलं. त्यातही बॅटरी तासभर चालायची आणि लोडशेडिंग तीन तास. मोटरला तेल द्यायचं, पट्टा ताणायचा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरीला फडकी गुंडाळायची. सगळ्यात कठीण सडा. शेणात काडी-कचरा असतो, तो पंपाच्या बारीक नोझलमध्ये अडकायचा. म्हणून शेण गाळून घालावं लागायचं. आधी चाळणीतून, मग धोतराच्या फडक्यातून, मग पुन्हा नव्या फडक्यातून. माझी बायको बादलीत हात घालून पाच मिनिटांत अंगणभर सडा टाकायची. आम्ही दोघं साठीच्या वरचे बाप्ये, फडक्याची दोन-दोन टोकं धरून दीड तास समोरासमोर बसायचो आणि साडभाऊ म्हणायचे, "हळू भाऊ, चहावानी गाळा." वरून लाईट नसेल तर मशीन बंदच, मग जेवण कोण देणार? चूल पेटवावी लागायची, भात ठेवावा लागायचा, विहिरीवरून पाणी शेंदावं लागायचं. साडभाऊ मशीन दुरुस्त करायचे, मी तोवर भाजी चिरायचो. पहिले दोन महिने भात करपला. मग नाही करपला. कधी थांबला ते माझ्याही लक्षात आलं नाही.

साडभाऊ रोज यायचे. रोज काही ना काही बिघडायचंच, म्हणून रोज यायचे. शेण गाळता गाळता बोलायचे. बोलणं बहुतेक मोटरचं, कधी खाणीचं, आणि अधूनमधून हिचं. एकदा म्हणाले, "आमच्या लग्नाच्या नवीन-नवीन दिवसांत मोठ्या बाईनं मले एकीकडे घेऊन सांगतलं, मायी बहीण तिखट आहे, पण तिले भुकेलं ठेवू नका, भूक लागली की ती रडते." मी म्हटलं, हिनं मला कधी सांगितलं नाही. ते म्हणाले, "तुम्ही विचारलं का?" नव्हतं विचारलं. फडक्यातून शेणाचं पाणी टपटपत राहिलं. माझ्या डोळ्यांतूनही आलं, पण हात शेणाचे असल्यावर पुसता येत नाही. साडभाऊ नोझलकडे पाहत होते. माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी.

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले होते. शेजारच्या बाईनं फोनच्या बूथवर जाऊन माझ्या पोरीला कळवलं की तुझे बाबा भर दुपारी दात घासतात, लवकर ये. पोरगी दुसऱ्याच दिवशी निघाली. वाटेत माजरीला उतरून मावशीला, म्हणजे माझ्या साळीला, सोबत घेतलं. त्या दिवशी आमच्या घरची सकाळ दुपारी अडीच वाजता व्हायची होती. दोघी फाटकाशी आल्या आणि भोंगा झाला. माझी साळी जागेवर थांबली. आयुष्यभर भोंगा ऐकलेली बाई. तिनं पोरीचा हात धरला, "थांब, पाच मिनिटं पुढं जाऊ नको." पोरगी म्हणाली, "मावशे, घरी यायले काऊन थांबू?" आणि आत आली. अंगणाच्या मधोमध आली तेव्हा कवेलूखालून सडा सुटला. तीन वेळा गाळलेला, एकदम बारीक, सगळीकडे सारखा. नवी साडी, केस, चष्मा, काही सुटलं नाही. साडभाऊ ओट्यावर होते. ते माझ्या कानाशी म्हणाले, "नोझल आज मस्त चालून राह्यली."

मी नुकताच उठलो होतो. डोळे चोळत म्हटलं, "आली का बाई? बस. चहा होतच आहे."

पोरीनं चष्मा काढला. पुसायला कोरडं काही नव्हतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "बाबा, पुरं झालं. बॅग भरा. मी आज तुम्हाले इथी ठेवून जात नाई."

साडभाऊ उठले. "बेटा, दोन मिनिटं दे. पाणी पाहा कसं भरते, दिवा पाहा..." त्यांनी बोट वर केलं, बल्ब दाखवला, आणि लाईट गेली. मोटर घुरघुरून गप्प झाली. शेगडी काळी पडली. साडभाऊचं बोट वरच राहिलं.

"मावसाजी, दिसलं मले," पोरगी म्हणाली.

मी आत गेलो. पेटी कुठे ठेवली आहे ती बघू लागलो. ती माळ्यावर होती, पण माळ्याकडे जाताना चूल आडवी आली, आणि लाईट गेली म्हणजे चूल पेटवायची हे हाताला इतकं ठाऊक झालं होतं की मी चूल पेटवून बसलो. पेटल्यावर भात ठेवला. पोरगी बसमध्ये उपाशी आली असणार. वांगी होती, ती चिरली. विहिरीवर जाऊन दोन बादल्या आणल्या, एक तिला आंघोळीला दिली. मीठ पाहिलं नाही, हात घातला आणि डब्यातून काढलं. साडभाऊ दाराशी उभे राहून पाहत होते. त्यांचा चेहरा पडला होता. मी पंगतीला ताटं मांडली तेव्हा ते माझ्या साळीजवळ पुटपुटले, "मायी एकही मशीन लागली नाई याच्यात."

साळी म्हणाली, "चूप बसा आणि जेवा."

पोरगी आंघोळ करून आईचं जुनं लुगडं नेसून आली. ते तिनं कुठून काढलं कोण जाणे. मी ताटाकडे पाहून वाढत राहिलो, तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं भाताचा घास घेतला. वांग्यात तिखट जास्त पडलं होतं, तिच्या नाकाला पाणी आलं. पुन्हा वाढून घेतलं. मग विचारलं, "हे तुम्ही कधी शिकले?"

"शिकलो नाई. लाईट नसते तेव्हा करावंच लागते."

"आणि लाईट असते तेव्हा?"

"तेव्हा मशीन बिघडलेली असते."

ती साडभाऊकडे वळली. "मावसाजी, तुम्ही किती दिवसांतून येता इथी?"

"रोज," साडभाऊ मान खाली घालून म्हणाले. कोर्टात कबुली द्यावी तसे. "रोज काहीतरी निघते, बेटा. यायलेच लागते. मले वाटलं होतं वेळ वाचन. नाई वाचला. भाऊचाही गेला, मायाही गेला."

 पोरीनं ताटातला भात बोटांनी पुसून खाल्ला, लहानपणी खायची तसा. संध्याकाळच्या बसनं ती नागपूरला गेली. जाताना म्हणाली, "दिवाळीले मीच इकडे येते. सडा सुटायच्या आधी फोन करा." बॅगचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

पण साडभाऊच्या मनाला ते लागलं होतं. माझ्या घरात मशीन हरली आणि चूल जिंकली, हे त्यांना सहन झालं नाही. दिवाळीनंतर ते चंद्रपूरहून मोठी बॅटरी घेऊन आले, वायरी सगळ्या नव्यानं ओढल्या, घड्याळ बदलून लाईट गेली तरी चालेल असं बसवलं, शेणाच्या टाकीत तारेची जाळी घातली. आठ दिवस खपले. आणि मग सगळं चालू लागलं. साडेपाचला भोंगा, मग सडा, मग चहा, मग पाणी. लाईट जायची, यायची, घर आपलं चालूच. साडभाऊनी हात झाडले, म्हणाले, "आता पाहायलेच नको, भाऊ," आणि मोपेडवर बसून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. काही बिघडलंच नव्हतं, तर कशाला येतील? तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. मी सकाळी सव्वासहाला रिकामा व्हायचो. भाजी चिरून व्हायची, भात व्हायचा, तरी आठच वाजलेले असायचे. ओट्यावर बसलो की समोरचं ऊन सरकता सरकत नसे. तिची आठवण आधी कामाच्या मधेमधे यायची. आता मधे काही नव्हतं, म्हणून ती येऊन बसायची आणि उठायची नाही. घरात शिरून मी दोनदा तिला हाक मारली. एकदा तर उत्तराची वाट पाहिली. ते आठ दिवस मला तेरवीच्या आधीच्या दिवसांपेक्षा जड गेले.

नवव्या दिवशी मी उलथणं घेतलं आणि त्याच्या टोकानं घड्याळाच्या डब्याचा एक स्क्रू ढिला केला. वायर सुटली. सगळं घर गप्प. मी बूथवर गेलो आणि माजरीला फोन लावला. म्हटलं, "साडभाऊ, बिघडली जी मशीन."

ते तासाभरात आले. मोपेड लावली, टेस्टर काढला, डबा उघडला. मी मागे उभा होतो. खाणीत ढिल्या स्क्रूनं माणूस मरतो म्हणून त्यांनी कधी कोणाचा स्क्रू तपासल्याशिवाय सोडला नव्हता, हे मला माहीत होतं. त्यांनी स्क्रूवरचे ओरखडे पाहिले. उलथण्याचे होते, रुंद. टेस्टरचे असे पडत नाहीत. त्यांनी चुलीकडे पाहिलं, तिथं उलथणं पडलं होतं. मग माझ्याकडे पाहिलं. मी वर कवेलूंकडे पाहू लागलो.

"हा स्क्रू लय बेकार आहे, भाऊ," ते म्हणाले. "नेहमी पाहावं लागन याले."

"हो ना," मी म्हटलं.

त्यांनी वायर जागेवर बसवली, टेस्टरनं स्क्रू आवळायला लागले. एक फेरा, दोन फेरे, तीन. मग थांबले. आणखी अर्धा फेरा बसला असता, मला दिसत होतं. तो त्यांनी दिला नाही. डबा लावून टाकला आणि हात पुसत ओट्यावर येऊन बसले.

मी चूल पेटवली आणि चहा ठेवला.